मायर आडनाव: हुद्द्यातून आलेलं नाव, सहा स्पेलिंगं आणि मूळ गाव शोधायची रीत

प्रश्न थोडक्यात असा आहे: सासरचं जर्मन आडनाव मायर आहे. हे नाव नेमकं कुठून आलं, ते इतक्या वेगवेगळ्या स्पेलिंगांत का दिसतं, सगळे मायर एकाच कुळातले का, आणि आपल्या मायरांचं मूळ गाव कसं शोधायचं?

आधी लिहिण्याची अडचण दूर करू. देवनागरीत सगळे 'मायर' एकसारखे दिसतात आणि जर्मन तोंडीही त्यांचा उच्चार जवळपास एकच आहे. फरक फक्त रोमन अक्षरांत आहे. मुख्य रूपं सहा: मधे ई-वाय असलेला, ई-आय असलेला, ए-आय असलेला आणि ए-वाय असलेला हे चार, आणि शेवटचा ई गळालेली दोन दक्षिणी रूपं, म्हणजे एम-ए-वाय-आर आणि एम-ए-आय-आर. जर्मनीत फोनवर कुणी आपलं नाव मायर सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कोणत्या अक्षरांनी? पुढे मी 'ई-वाय मायर', 'ए-आय मायर' असं लिहीन. आपल्याकडे हे नाव 'मेयर' असं छापतात, त्यामुळे वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लगेच महापौर उभा राहतो. शहराच्या महापौराशी या आडनावाचा थेट संबंध नाही. दोन्ही शब्द लॅटिन 'मायोर' म्हणजे 'वरिष्ठ' यापासून निघाले, एवढंच.

मायर हा मुळात जमीनदारीतला हुद्दा. मध्ययुगात मठ, बिशप किंवा सरदार यांची जमीन एका जागी नसे, ती अनेक गावांत विखुरलेली असे. गावातल्या किंवा टापूतल्या मुख्य वाड्याला फ्रोनहोफ म्हणत. मालक स्वतः तिथे क्वचितच असे. त्याच्या वतीने जो माणूस त्या वाड्याची शेती करवून घेई, आजूबाजूच्या बांधील कुळांकडून धान्य, कोंबड्या, अंडी आणि वेठ वसूल करी, आणि कुळांचे तंटे सोडवणाऱ्या वाड्यावरच्या न्यायसभेत बसे, तो मायर. लॅटिन दस्तांत त्याला 'व्हिलिकस' लिहिलेलं असतं. कोकणातल्या खोताची कल्पना करा, बरंचसं चित्र जुळेल: वसुली करणारा, मालक आणि कुळं यांच्या मधला, आणि संधी मिळेल तसा स्वतःच जमीनदार होत जाणारा. याच 'मायोर'चा सगळ्यात मोठा मासला फ्रँक या जुन्या जर्मन लोकांच्या राजदरबारात सापडतो. तिथला राजवाड्याचा कारभारी, मायोर डोमुस, इतका बळावला की ७५१ मध्ये त्यांच्यापैकीच पिपिन सरळ गादीवर बसला.

१२व्या-१३व्या शतकांत ही वाड्यांची व्यवस्था मोडत गेली. कारभारी उत्पन्न गिळतात हे मालकांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी वाडा आणि जमीन ठरावीक खंडाने लावायला सुरुवात केली आणि पूर्वीचा कारभारी खंडकरी झाला. आडनावाचा पुढचा सगळा प्रवास या बदलावर अवलंबून आहे, कारण उत्तरेत आणि दक्षिणेत तो वेगळ्या वाटेने गेला.

उत्तरेत, आजच्या लोअर सॅक्सनीत, 'मायरहक्क' नावाची खंडपद्धत रुळली. आधी ती ठरावीक वर्षांच्या मुदतीची होती, पुढे वंशपरंपरागत झाली. मायर म्हणजे कारभारी हा अर्थ तिथे मागे पडला आणि मायर म्हणजे 'मोठा खंडकरी शेतकरी' असा अर्थ रुजला. गावच्या याद्यांत फोलमायर म्हणजे पूर्ण वाट्याचा, हाल्बमायर म्हणजे अर्ध्या वाट्याचा, आणि त्यांच्या खाली क्योटनर, ब्रिंकझित्सर असे लहान शेतकरी, अशी उतरंड दिसते. एकाच गावात पाच-सहा मायर असणं यामुळे तिथे नवलाचं नव्हतं. दक्षिणेत, बव्हेरियात आणि स्वाबियात, मायरहोफ हे गावातल्या सर्वांत मोठ्या शेतवाड्याचं नाव राहिलं, आणि असा वाडा गावात बहुधा एक, फार तर दोन. तिथे त्याच्या शेजारी सापडणारं आडनाव हूबर. हूबर म्हणजे एका 'हूबे'चा, ठरावीक मापाच्या जमिनीचा, धारक. वेस्टफालियाच्या म्युन्स्टर भागात याच कामाला शूल्ट म्हणत, म्हणून तिथे मायरांच्या ऐवजी शूल्ट भेटतात. मिंडन-राव्हेन्सबर्गात शिरलं की पुन्हा मायर सुरू होतात.

म्हणून सगळे मायर एका कुळातले नाहीत, शक्यच नाही. जिथे जिथे मायरहोफ होता तिथे तिथे हे नाव स्वतंत्रपणे जन्मलं. आजूबाजूच्या दोन गावांतले मायर रक्ताने परके असू शकतात, आणि उत्तरेत तर एकाच गावातलेही. 'मायर घराण्याचं मानचिन्ह' म्हणून चौकटीत घालून विकली जाणारी ढाल घेऊ नका. ढाल एका विशिष्ट वंशाला मिळते, आडनावाला नव्हे.

आता स्पेलिंग. १९व्या शतकापर्यंत पाद्री आणि कारकून कानाला येईल तसं आणि हाताला सवय असेल तसं लिहीत. एकाच माणसाचा बाप्तिस्मा ई-आयने, लग्न ई-वायने आणि मृत्यू ए-आयने नोंदलेला सापडतो. तरी यात प्रादेशिक शिस्त आहे. दक्षिणेत, विशेषतः बव्हेरियन लेखनात, जुना 'एइ' हा स्वर ए-आय किंवा ए-वाय असा लिहीत, कारण जुन्या दीर्घ 'ई' या उच्चारापासून नव्याने तयार झालेला 'एइ' त्यांच्या बोलीत वेगळा उच्चारला जाई आणि दोन्हींचा घोळ व्हायला नको होता. कायझर आणि बायर्न या शब्दांत तीच सवय टिकून आहे. वाय हे अक्षर सजावटीच्या लेखनाची खूण: शब्दाच्या शेवटी किंवा ठसठशीत दिसावं म्हणून आयच्या जागी वाय. शेवटचा ई गळणं ही दक्षिणी बोलीची देणगी. स्पेलिंगं गोठली ती मुख्यतः सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू झाल्यावर. त्या दिवशी कारकुनाने जे लिहिलं तेच कायद्याने कुटुंबाचं झालं, आणि म्हणून आज सख्ख्या भावांच्या दोन शाखा दोन स्पेलिंगं लावतात.

नकाशावर हे असं पडतं. ई-वाय मायर हा उत्तरेचा: लोअर सॅक्सनी, ब्रेमेन, हॅम्बुर्ग आणि लगतचा वेस्टफालिया. शिवाय स्वित्झर्लंड आणि अल्सास. ई-आय विखुरलेला आहे, स्वित्झर्लंडात तो अगदी वरच्या क्रमांकांत. ए-आय व्युर्टेंबर्ग, बाडेन आणि बव्हेरियाचा. ए-वाय व्युर्टेंबर्ग, बव्हेरियन स्वाबिया, ऱ्हाइनकाठचा काही भाग आणि ऑस्ट्रियाचा. एम-ए-वाय-आर बव्हेरियन स्वाबिया, टायरॉल आणि अप्पर ऑस्ट्रियाचा. एम-ए-आय-आर म्हणजे आज इटलीत असलेला दक्षिण टायरॉल, तिथे हे नाव पावलोपावली आहे. प्रसिद्ध माणसं घेतली तरी हे पटतं. मूलद्रव्यांच्या आवर्ती मांडणीवर मेंडेलेयेव्हच्याच काळात काम करणारा लोथार मायर उत्तरेतल्या फारेलचा, ई-वाय. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मांडणारा रॉबर्ट मायर हाइलब्रॉनचा, ए-वाय. बाडेन-व्युर्टेंबर्गचे पहिले मुख्यमंत्री राइनहोल्ड मायर शॉर्नडॉर्फचे, ए-आय. जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर १९०४ मध्ये केम्प्टनला जन्मले, म्हणजे बव्हेरियन स्वाबियात, आणि त्यांच्या नावात शेवटचा ई नाही.

किती आढळतं? एकटा ई-वाय मायरसुद्धा जर्मनीतल्या पहिल्या दहा आडनावांत येतो. सगळी स्पेलिंगं एकत्र मोजली तर नाव म्युलर आणि श्मिट यांच्या पंक्तीला जाऊन बसतं. मोजणी स्पेलिंगाप्रमाणे होते म्हणून यादीत मायर मागे दिसतो. कुठे 'अमुक क्रमांकाचं आडनाव' असं वाचलंत तर आधी रूपं एकत्र धरलीत की वेगळी, ते पाहा. तिथल्या प्रशासकीय नियमांत फार सामान्य आडनावांना 'झामेलनामे' असा वर्ग आहे आणि त्या कारणावरून आडनाव बदलून मागता येतं.

खरा माल जोडनावांत आहे. नुसता मायर नकाशावर सगळीकडे पसरतो आणि काही सांगत नाही, पण जोडनाव कधी कधी एका तालुक्यावर बोट ठेवतं. ओबरमायर वरच्या अंगाचा, नीडरमायर खालच्या अंगाचा. ओस्टरमायरचा ईस्टरशी काही संबंध नाही, तो पूर्वेकडच्या वाड्याचा. ब्रोकमायर पाणथळीच्या कडेचा. विडमायर चर्चला दान दिलेल्या जमिनीचा, त्यामुळे व्युर्टेंबर्गकडचा. झेडलमायर सरदाराच्या बसण्याच्या वाड्याचा, तो बव्हेरियन. नव्या वाड्याचा तो दक्षिणेत नॉयमायर आणि उत्तरेत नीमायर, कारण उत्तरेच्या बोलीत नवं म्हणजे 'नी'. ब्राझिलिया शहराच्या इमारती रचणारा ऑस्कर नीमायर ब्राझीलचा, पण नाव उत्तर जर्मन बोलीतलं. लिपं आणि राव्हेन्सबर्ग भागात तर 'मायर' नुसत्या प्रत्ययासारखा वापरात आला, आणि लहान जमीनधारकाच्या नावालाही चिकटला. राष्ट्राध्यक्ष फ्रांक-वाल्टर श्टाइनमायर यांचा जन्म लिपंमधल्या डेटमोल्डचा. अशा नावामागे मोठा वाडा होताच असं धरून चालू नये.

वेस्टफालियात आणखी एक फास आहे. तिथे आडनाव माणसाचं नव्हे, शेतवाड्याचं. वाड्याच्या मुलीशी लग्न करून तिथे राहायला आलेला पुरुष वाड्याचं नाव घेई, मुलंही तेच लावत. नोंदीत 'गेनांट' किंवा लॅटिनमध्ये 'व्हुल्गो', 'मोडो' असे शब्द दिसतात, म्हणजे 'अमुक, ज्याला मायर म्हणतात'. अशा वंशावळीत आडनाव धरून मागे गेलात तर रक्ताची रेघ सुटते आणि तुम्ही वाड्याचा इतिहास लिहीत बसता. तिथल्याच 'मायर त्सू अमुक' या नावांतल्या 'त्सू'मुळे कुटुंब सरदार होतं असंही समजू नये. तो फक्त वाड्याचा पत्ता आहे.

आता ज्यू मायर. हिब्रूमध्ये 'मेइर' म्हणजे प्रकाश देणारा. दुसऱ्या शतकातले रब्बी मेइर आणि १२९३ मध्ये निधन पावलेले रोथेनबर्गचे रब्बी मेइर यांच्यामुळे अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या, ज्यूंमध्ये हे पुरुषाचं नाव फार चाललं. जर्मन भूमीवर त्याचं लेखन मायर झालं. ज्यूंना कायम आडनाव घ्यायची सक्ती वेगवेगळ्या राज्यांत वेगवेगळ्या वेळी आली: ऑस्ट्रियात १७८७, वेस्टफालिया राज्यात १८०८, बाडेनमध्ये १८०९, प्रशियात १८१२, बव्हेरियात १८१३, व्युर्टेंबर्गमध्ये १८२८. तेव्हा अनेकांनी वडिलांचं मायर हेच नाव आडनाव केलं. म्हणजे एकच आडनाव दोन भिन्न मुळांतून आलं. नावावरून धर्म ठरवता येत नाही, ना एका बाजूने ना दुसऱ्या. धर्म नोंदवहीच सांगते. १९३९ नंतरच्या कागदांत पुरुषाच्या नावात 'इस्राएल' किंवा स्त्रीच्या नावात 'सारा' दिसलं तर ते कुटुंबाने ठेवलेलं असेलच असं नाही. नाझी राजवटीने ज्यूंवर ते जादा नाव लादलं होतं.

शोध कसा घ्यायचा? गूगलवर मायर टाकून नव्हे. आधी घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाच्या तीन गोष्टी मिळवा: अंदाजे जन्मवर्ष, धर्म-पंथ आणि गाव. गाव नसेल तर बाकी सगळं थांबतं, कारण जर्मनीत नोंदी गावाच्या किंवा चर्चच्या परगण्याच्या वह्यांत आहेत, देशाची एक मध्यवर्ती वही नाही. पंथ महत्त्वाचा, कारण कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वह्या वेगळ्या कार्यालयांत आणि वेगळ्या संकेतस्थळांवर असतात.

गाव माहीत नसेल आणि जोडनाव असेल, तर नकाशा काढा. जिओजेन नावाची सेवा फोन नोंदणीवरून आडनावाचा पसारा दाखवते. पण हे नकाशे आजचे आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्वेकडच्या प्रदेशांतून सुमारे १.२ कोटी जर्मन पश्चिमेला हाकलले गेले, त्यामुळे सायलेशियाचं नाव आज हॅनोव्हरजवळ दिसू शकतं. याला उतारा म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या सैनिक-हानीच्या याद्या. कॉम्पजेन या संशोधक संघटनेने त्यांतल्या सुमारे ८५ लाख नोंदींची सूची केली आहे, पुष्कळ नोंदींत सैनिकाचं गाव आहे, आणि ती सूची सगळ्यांना मोफत उघडी आहे. मी आधी तिथेच पाहायला सांगतो. गावाचं नाव सापडलं की १९१२ च्या साम्राज्य-स्थळकोशात ते कोणत्या नोंदणी कार्यालयाखाली आणि कोणत्या जिल्ह्याखाली येत होतं ते बघा, एकाच नावाची दहा गावं असतात. या स्थळकोशाचं नावही मायर, प्रकाशक योसेफ मायरवरून पडलेलं, त्यामुळे शोधयंत्रात तुमचे पूर्वज आणि हा कोश यांची गल्लत होते.

सरकारी नोंदणी प्रशियात १ ऑक्टोबर १८७४ पासून आणि बाकी साम्राज्यात १ जानेवारी १८७६ पासून. ऱ्हाइनच्या पश्चिमेला, फ्रेंच अंमलामुळे, ती १७९८ पासूनच आहे, म्हणून ऱ्हाइनहेसन किंवा फाल्त्सचे मायर असतील तर तुम्ही नशीबवान. फक्त १८०५ अखेरपर्यंतच्या नोंदी फ्रेंच प्रजासत्ताकाच्या दिनदर्शिकेत आहेत, तारखा बदलून घ्याव्या लागतात. जन्माची वही ११० वर्षं, लग्नाची ८० आणि मृत्यूची ३० वर्षं नोंदणी कार्यालयात राहते, त्यानंतर अभिलेखागारात जाते. मुदतीतली नोंद हवी असेल तर थेट वंशज असल्याचे दाखले जोडावे लागतात. मुदत संपलेली कुणालाही मागता येते. अर्ज जर्मनमध्ये आणि आखूड लिहा: नाव, अंदाजे वर्ष, गाव, नातं. आधी लग्नाची नोंद मागा. तिच्यात दोन्हीकडच्या आईवडिलांची नावं आणि राहण्याचं ठिकाण असतं, म्हणजे एका फीमध्ये एक पिढी मागे जाता.

त्याआधीच्या काळासाठी चर्चच्या वह्या. प्रोटेस्टंट वह्या बऱ्याचशा आर्खिओन या संकेतस्थळावर, पैसे भरून. कॅथलिक वह्या मात्रिकुला या संकेतस्थळावर, मोफत, ऑस्ट्रियासकट. अनेक ठिकाणी तीस वर्षांच्या युद्धात, १६१८ ते १६४८ मध्ये, वह्या जळाल्या. तिथे पुढे फक्त खंडाच्या आणि कराच्या याद्या उरतात.

वाचताना चुका कुठे होतात ते सांगतो. कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीत ई हे अक्षर एनसारखं दिसतं, त्यामुळे सूची करणारा मायरचं काहीही करून ठेवतो. वायवर बरेचदा दोन टिंबं असतात, ती वाचताना सोडून द्यायची. बाईचं आडनाव 'मायरिन' दिसलं तर ते वेगळं आडनाव नाही, 'इन' हा स्त्रीलिंगी प्रत्यय आहे. उत्तरेत 'मायरशे' असं दिसेल. कॅथलिक लॅटिन नोंदीत 'व्हिलिकस' दिसलं तर तो हुद्दा असू शकतो किंवा भाषांतर केलेलं आडनावही. आजूबाजूच्या नोंदी वाचल्याशिवाय ठरवू नका. सूचीत शोधताना मधल्या अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्ह किंवा तारका टाका. उच्चारावर चालणारा शोध वापरलात तर साउंडेक्समध्ये सगळ्या मायरांचा संकेत एम ६०० आणि कोलोनच्या पद्धतीत ६७ येतो. पण मोर हे आडनावसुद्धा त्याच संकेतात पडतं, तेव्हा निकाल हाताने चाळावे लागतात.

एकाच गावात चार हान्स हाइनरिश मायर निघाले, आणि लोअर सॅक्सनीत ते निघतातच, तर नावावर विसंबू नका. घर क्रमांक पकडा. १८व्या शतकाच्या उत्तरार्धापासून नोंदीत 'मायर, क्रमांक ७' असं लिहिलेलं असतं. त्या क्रमांकावर प्रत्येक पिढीची ओळ लावा, आणि बाप्तिस्म्याच्या साक्षीदारांची नावं टिपून ठेवा. साक्षीदार बहुधा काका, मामा, आत्या असतात आणि दोन हान्स वेगळे करायला तेच कामी येतात. त्या गावाचा ओर्ट्सफामीलिएनबुख, म्हणजे सगळ्या कुटुंबांची जुळवलेली गावनोंद, तयार झाला असेल तर महिन्यांचं काम वाचतं. मात्र त्यातलं प्रत्येक नातं मूळ वहीशी ताडून घ्या.

कुटुंब अमेरिकेला गेलेलं असेल तर नाव मायर्स किंवा तत्सम झालेलं असेल. अमेरिकेतल्या बंदरावरच्या अधिकाऱ्याने नाव बदललं ही गोष्ट सोडून द्या. प्रवाशांची यादी निघण्याच्या बंदरावरच तयार होई, बदल कुटुंबाने नंतर स्वतः केला, कधी पहिल्या महायुद्धातल्या जर्मनविरोधी वातावरणामुळे. हॅम्बुर्गच्या याद्या १८५० ते १९३४ पर्यंतच्या टिकल्या आहेत. ब्रेमेनच्या जुन्या याद्या नष्ट झाल्या, त्यामुळे त्या बंदरातून निघालेल्यांचं गाव अमेरिकेतल्या चर्चच्या नोंदीत, मृत्युलेखात किंवा नागरिकत्वाच्या अर्जात शोधावं लागतं.

तुमच्या बाबतीत पहिलं काम म्हणजे सासऱ्यांच्या घरातलं 'फामीलिएनश्टाम्बुख' मागा, लग्नाच्या वेळी नोंदणी कार्यालयाकडून मिळणारी दाखल्यांची वही. १९३३ ते १९४५ या काळातला 'आननपास' निघाला तर तोही घ्या. तो वंश सिद्ध करायला लावणारा नाझी काळातला कागद आहे, पण त्यात बरेचदा आजोबा-पणजोबांपर्यंतची गावं, तारखा आणि परगणे शिक्क्यांसकट असतात. त्यातलं एखादं गाव जरी हाती आलं, तर स्पेलिंगावरून तर्क करत बसायची गरजच उरत नाही.